ऑरिन टॅकेट बेसवर आहे

"टॅकेट, अरे बसची वाट बघतोयस का? इथे बस थांबत नाही रे!"

गर्टी पोल असं ओरडली की मॅकलिन फॉल्सचं अख्खं मैदान हसायचं. नदीकाठी तिचा बार होता. नवरा गेल्यापासून ती तो एकटीनं चालवायची, आणि आमचा सामना गावात असला की दुपारी बारला कुलूप घालून आमच्या बाकामागच्या पहिल्या रांगेत येऊन बसायची. खेळाडूंवर तिचा जीव होता, म्हणूनच ती कोणाला सोडायची नाही. मी उंच फटका मारून झेल देऊन परत आलो की म्हणायची, "ऑगी, सॉसेज कमी खा, बाळा!" पण तिचं खरं गिऱ्हाईक म्हणजे ऑरिन टॅकेट.

कारण ऑरिन बॅट फिरवायचाच नाही. म्हणजे फिरवायचा, पण चेंडू मनासारखा आला तरच. एरवी बॅट खांद्यावर, गुडघे किंचित वाकवलेले, आणि हा नुसता बघत उभा. बॅटरसमोर जमिनीत बसवलेल्या पांढऱ्या प्लेटच्या वर, गुडघ्यापासून छातीपर्यंत, एक न दिसणारी चौकट असते. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, चार चेंडू त्या चौकटीबाहेर टाकले आणि बॅटरनं ते सोडून दिले की त्याला पहिला बेस फुकटात मिळतो. बॅट खाली टाकायची आणि चालत जायचं. ऑरिन रोज चालत जायचा. आमच्या संघाचं नाव हेरन्स, म्हणजे बगळे. आणि लोक म्हणायचे, या संघात खरा बगळा एकच आहे, बाकी सगळी बदकं.

ज्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये राष्ट्राध्यक्षांनी राजीनामा दिला, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आमच्या गावात राजीनाम्याची चर्चा जेमतेम आठवडाभर टिकली. टॅकेटची मात्र सगळा हंगाम चालली.

मी त्या संघाचा मोठा फटकेबाज. ऑगस्ट डेम्स्की, बफेलोच्या पोलिश खाटकाचा मुलगा. माझा चेंडू कुंपणापलीकडे, नदीकडे जायचा, आणि पोरं तो शोधायला धावायची. गावातल्या किराणा दुकानाच्या काचेवर माझा फोटो होता. ऑरिनचा फोटो कुठेच नव्हता. तो केंटकीच्या डोंगरातला, खाणकामगारांच्या वस्तीतला. सडपातळ, कान पुढे आलेले, बोलणं हळू. तिशी ओलांडलेली आणि त्यातली कितीतरी वर्षं आमच्यासारख्या खालच्या लीगमध्ये गेलेली. वरच्या मोठ्या लीगमध्ये त्याला कोणी कधी एका दिवसासाठीही बोलावलं नव्हतं. तिथून माणसं यायची, वहीत माझं नाव लिहायची, आणि ऑरिन बॅटिंगला आला की हॉट डॉग आणायला उठायची.

संघाच्या प्रवासात बसमध्ये मी आणि तो शेजारी बसायचो, कारण माझ्या शेजारी मावेल एवढा बारीक दुसरा कोणी नव्हता. एकदा मी त्याला विचारलं, "तुला खरंच कधी मोह होत नाही का रे? चेंडू समोरून येतोय, हातात बॅट आहे, माणसाचे हात शिवशिवतात!"

तो खिडकीबाहेरच्या मक्याकडे वळला. मग म्हणाला, "आमच्या अख्ख्या वस्तीत एकच बॅट होती, ऑगी. माझ्या थोरल्या भावाची. वाईट चेंडूला बॅट लावली की तो मुठीजवळ लागतो आणि बॅट तडकते. बॅट तडकली की सगळ्यांचाच खेळ संपला. नवीन कोण आणणार? म्हणून नियमच होता. चांगला असेल तरच मार, नाहीतर हात लावू नकोस. लावलास तर एरल बडवायचा."

"एरल म्हणजे भाऊ?"

"भाऊ. हात असा होता त्याचा," म्हणून त्यानं माझ्या मांडीवर थाप मारून दाखवली.

"मग ती बॅट?"

"मी गाव सोडलं तेव्हा शाबूत होती," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच मोकळा हसला.

त्याला चेंडू दिसायचा. आम्हाला पण दिसायचा, पण आम्हाला तो येताना दिसायचा. त्याला तो पिचरच्या बोटांतून सुटतानाच दिसायचा. बाकावर येऊन तो हळूच सांगायचा, "आज याचा वळणारा चेंडू खाली पडतोय, सोडून द्या," आणि आम्ही मान डोलवून जायचो आणि तोच चेंडू मारायला जाऊन तोंडघशी पडायचो.

आमचा मॅनेजर हॉलिस ब्रॅग. जुन्या काळातला माणूस, तोंडात कायम तंबाखूची गोळी, एका गुडघ्यानं लंगडा. ऑरिन चालत पहिल्या बेसवर गेला की तो थुंकायचा आणि म्हणायचा, "चालायला मला पोस्टमन मिळतात. मला मारणारा पाहिजे." म्हणून ऑरिनचं नाव तो क्रमात सगळ्यात खाली टाकायचा.

त्या वर्षी हंगाम सुरू होण्याआधी वरच्या संघाचा माणूस आला. लाइल फेनविक त्याचं नाव. खालच्या संघातल्या कोणाला वर न्यायचं, कोणाला घरी पाठवायचं, हे तो ठरवायचा. गुळगुळीत दाढी, पांढरे बूट. त्यानं ऑरिनला मैदानाच्या कडेला घेतलं. मी तिथेच बॅटला राळ चोळत बसलो होतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"टॅकेट, तू भला माणूस आहेस," फेनविक म्हणाला. "पण लोक भला माणूस बघायला तिकीट काढत नाहीत. या वर्षी चेंडू कुंपणापलीकडे गेलेला दिसला पाहिजे. नाहीतर हा तुझा शेवटचा हंगाम. कळतंय ना?"

"कळतंय, सर," ऑरिन म्हणाला.

"बायको काय करते?"

"केस कापते. मेन स्ट्रीटवर. आणि ऑक्टोबरमध्ये मूल होणार आहे."

"मग तर विचार करच," म्हणून फेनविकनं त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि पांढऱ्या बुटांना चिखल लागणार नाही असा जपत जपत तो निघून गेला.

ऑरिननं विचार केला आणि बॅट फिरवायला लागला.

पहिल्याच आठवड्यात त्याचा एक चेंडू कुंपणापलीकडे गेला. गर्टी बाकावर उभी राहून नाचली. "बस आली रे बस आली!" लोकांनी टोप्या उडवल्या. ब्रॅग त्याच्याशी हस्तांदोलन करायला बाकावरून उठला, आणि त्या गुडघ्यानं तो सहसा राष्ट्रगीताशिवाय उठत नसे. ऑरिन परत येऊन माझ्याशेजारी बसला तेव्हा मला वाटलं, तो खूश असेल. तो आपल्या तळहातांकडे बघत होता.

"वाईट चेंडू होता तो," तो पुटपुटला. "लागला, एवढंच."

त्यानंतर लागेनासा झाला. डोक्यावरून जाणारे चेंडू, जमिनीत घुसणारे चेंडू, तो सगळ्यांवर बॅट घालायला लागला. पिचर लोकांना हे कळायला किती वेळ लागणार? ते त्याला चौकटीत चेंडू टाकेनातच. तीनदा हुकला की बाद. ऑरिन टॅकेट, जो कधी हुकायचा नाही, तो एकाच दुपारी पुन्हा पुन्हा हुकून परत यायला लागला. आणि लोक जास्तच चेकाळले. आधी ते त्याला हसायचे. आता शिव्या द्यायला लागले.

मला त्याची दया आली, पण खरं सांगायचं तर त्याआधी मला माझीच काळजी वाटायला लागली. मी फटके मारत होतो, नेहमीसारखेच, पण संघाला धावा मिळत नव्हत्या. फटका मारून मी मान वर करायचो तर बेस सगळे रिकामे. आधी असं नव्हतं. खालच्या क्रमावर असला तरी ऑरिन कसातरी बेसवर पोचलेला असायचा, आणि क्रम फिरून माझ्यापर्यंत येईतो तो दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या बेसवर उभा असायचा, कमरेवर हात ठेवून. मी मारलं की तो तिन्ही बेस पुरे करून घरी, म्हणजे परत प्लेटवर, यायचा आणि धाव माझ्या नावावर लागायची. किराणा दुकानाच्या काचेवरचा माझा अर्धा फोटो त्याचा होता. जूनच्या अखेरीस आम्ही तळाच्या जवळ पोचलो होतो.

एका रविवारी सामना नव्हता. मी बफेलोहून आलेले सॉसेज घेऊन टॅकेटच्या घरी गेलो. घर म्हणजे न्हाव्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. त्याची बायको लर्लीन मक्याची भाकरी भाजत होती. पोट दिसायला लागलं होतं. ऑरिन टेबलाशी बसून बीन्स निवडत होता.

"ये ऑगी, बस," लर्लीन म्हणाली. "तुझ्या मित्राला काहीतरी सांग. माझं तर ऐकत नाही."

"काय सांगू?"

"हा रात्री झोपेत हात फिरवतो. काल मला लागला."

"लर्लीन," ऑरिन म्हणाला.

"लर्लीन काय लर्लीन! अरे, मी याच्याशी का लग्न केलं माहितीये, ऑगी? आमच्या गावात एक गाडी विकणारा होता. सगळे पोरगे त्याच्याकडून गाड्या घेऊन फसले. हा रोज जायचा, गाडीभोवती फिरायचा, खाली वाकून बघायचा आणि 'नको' म्हणून परत यायचा. वर्षभर! मी समोरच्या दुकानातून बघायची. म्हटलं, या माणसाला 'नको' म्हणता येतं. असा एक तरी असावा घरात." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "आणि आता हा त्या पांढऱ्या बुटांना नको म्हणू शकत नाही."

"मूल होणार आहे," ऑरिन म्हणाला. "नोकरी गेली तर खाणीत जावं लागेल."

"जाऊ की. तू खाणीत जा, मी केस कापते. पण खाणीत जाणारा माणूस तूच असला पाहिजेस. हा आहे तो कोण आहे मला माहीत नाही."

ऑरिननं हातातली एक बी उलटसुलट करून बघितली आणि बाजूला टाकली. मग मी म्हणालो, "हे बघ, मी सरळ सांगतो. तू बेसवर नसलास तर मी कोणाला घरी आणू? मी रिकाम्या घरांना हाका मारतोय, लेका. माझ्यासाठी तरी चालत जा."

तो हसला. आवाज न करता, खांदे हलवून. लर्लीननं भाकरी टेबलावर ठेवली आणि आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी ब्रॅगच्या खोलीत गेलो. तो गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसला होता.

"स्किपर, मला टॅकेट माझ्या बरोब्बर आधी हवाय. दुसऱ्या क्रमावर."

"दुसऱ्या?" तो जवळजवळ गुदमरला. "तो कुठल्याच क्रमावर नकोय मला!"

"आपण हरतोय ना?"

"त्याच्यामुळे!"

"तो बॅट फिरवतोय म्हणून हरतोय. मी मित्र म्हणून बोलत नाहीये, मी स्वार्थानं बोलतोय. बेसवर कोणी नसताना मी चेंडू नदीत टाकला तर एक धाव. दोघं उभे असताना टाकला तर तीन. फटका तोच, मेहनत तीच. आणि तो समोर उभा राहून पिचरला दमवतो. दमलेला पिचर मला मिळतो. मला दमलेला पिचर आवडतो, स्किपर."

ब्रॅग डबा ओढून त्यात थुंकला. "तू एवढं बोलतोस हे मला माहीत नव्हतं."

"भूक लागली की बोलतो."

"आठवडाभर," तो म्हणाला. "नाहीतरी आणखी किती खाली जाणार आपण?"

त्या दुपारी ऑरिन दुसऱ्या क्रमावर गेला. पहिला चेंडू खांद्याच्या उंचीवर आला. बॅट थरथरली, पण हलली नाही. दुसरा खाली. तिसरा बाहेर. चौथाही बाहेर. ऑरिननं बॅट खाली ठेवली, टोपी सारखी केली आणि पहिल्या बेसकडे चालायला लागला. लोकांनी हुर्यो केली. "पोस्टमन! पोस्टमन!" मला त्याचा चेहरा दिसत होता. तो कितीतरी आठवडे कुठेतरी हरवलेला माणूस घरी परत आल्यासारखा दिसत होता.

मी दुसराच चेंडू नदीत घातला. दोन धावा.

मग जे झालं ते आमच्यापैकी कोणाला धड समजावता आलं नसतं. आम्ही जिंकायला लागलो. रोज कोणी मोठा पराक्रम करत होतं असं नाही. ऑरिन पहिल्याच डावात पिचरकडून इतके चेंडू काढून घ्यायचा की तो बिचारा पाचव्यापर्यंत खांदा चोळायला लागायचा. चौकटीतला आला की ऑरिन तो टकमक बघत उभ्या असलेल्या दोन क्षेत्ररक्षकांच्या मधून अलगद काढायचा. बाहेरचा आला की बघत राहायचा. आणि कसाही आला तरी शेवटी तो बेसवर. त्याचं बघून आमची बदकंसुद्धा थांबायला शिकली. आमचा कॅचर, म्हणजे प्लेटमागे बसून चेंडू झेलणारा, ज्यानं बॅटिंगला आयुष्यात एकही चेंडू न मारता सोडला नव्हता, तो एकदा चालत पहिल्या बेसवर गेला आणि तिथे उभा राहून इतका लाजला की जणू चर्चमध्ये बक्षीस मिळालंय.

गर्टीही बदलली. एके दिवशी हॅडलीहून आलेल्या पाहुण्या लोकांपैकी कोणीतरी ओरडलं, "ए, झोपलास का?" तर गर्टी वळून उभी राहिली. "आमच्या माणसाला बोलायचं नाही! त्याला आम्ही बोलतो!"

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात शेवटचा सामना. आम्ही आणि हॅडली बरोबरीत. जो जिंकेल त्याचं विजेतेपद. आमच्या मैदानावर, शनिवारी दुपारी. गावानं दुकानं बंद ठेवली. कुंपणावर पोरं, झाडांवर पोरं, नदीत होड्या बांधून लोक. प्लेटमागच्या जाळीआडच्या खुर्च्यांत पांढरे बूट घातलेला फेनविकही होता. लर्लीन गर्टीच्या शेजारी बसली होती. गर्टीनं तिला आपली उशी दिली होती.

हॅडलीचा पिचर डेल रस्क. वीस-एकवीस वर्षांचा, उंच, तांबड्या केसांचा. चेंडू असा टाकायचा की तो कॅचरच्या हातात पोचल्यावर आवाज ऐकू यायचा. त्याच्याकडे आणखी एक चेंडू होता. सरळ छातीवर आल्यासारखा यायचा आणि प्लेटजवळ येताच जमिनीचा आधार गेल्यासारखा खाली पडायचा. त्या चेंडूनं मला दुपारभर माकड केलं होतं. मी जितका जोरात फिरलो तितका तो खाली पडला.

शेवटच्या डावात सामना बरोबरीत होता आणि बॅटिंग आमची. एक धाव निघाली की संपलं. तिघं बाद झाले की डाव संपतो; दोन जण बाद झाले होते, पण मधल्या काळात तीनही बेस भरले. आमचा कॅचर तिसऱ्या बेसवर उभा, घरापासून चार ढांगांवर असल्यासारखा पुढे झुकलेला. आणि बॅटिंगला ऑरिन टॅकेट. त्याच्यामागे, गुडघ्यावर बसून, पुढचा मी.

ब्रॅगनं अंपायरला हात केला, खेळ थांबवला आणि लंगडत ऑरिनपर्यंत गेला. मी जवळच होतो.

"टॅकेट," ब्रॅग म्हणाला, "मी तुला काहीतरी सांगायला आलोय."

"काय, स्किपर?"

ब्रॅगनं तोंड उघडलं, मिटलं. "काही नाही," तो म्हणाला. "मला काही सांगायचं नाहीये." आणि लंगडत परत गेला.

रस्कचा पहिला चेंडू गोळीसारखा आला, चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातून. चौकटीतला चेंडू सोडला तरी हुकला असाच धरतात, म्हणून अंपायरनं हात वर केला. स्ट्राइक. दुसराही तसाच, ऑरिननं बॅट घातली, कड लागली आणि चेंडू रेषेबाहेर गेला. दुसरी स्ट्राइक. आता एक हुकला की संपलं. मैदानात असा सन्नाटा झाला की नदीतल्या होड्या एकमेकींना घासताना ऐकू येत होत्या.

तिसरा बाहेर. ऑरिन हलला नाही. मग एक आत आला, अगदी कोपरावर. ऑरिननं तो कड लावून रेषेबाहेर काढला. आणखी एक, तसाच. कड लागून बाहेर गेलेल्या चेंडूवर माणूस बाद होत नाही, पुन्हा टाकावा लागतो. रस्क टाकत राहिला आणि ऑरिन काढत राहिला. मधेच एक उंच गेला, तो सोडला. एक जमिनीत गेला, तो सोडला. आता तीन वाईट झाले होते आणि दोन स्ट्राइक. पुढचा चौकटीबाहेर पडला तर पहिला बेस, आणि बेस भरलेले असल्यानं सगळे एकेक पुढे सरकणार, म्हणजे धाव, म्हणजे विजेतेपद. चौकटीत पडला आणि ऑरिन बघत राहिला तर बाद.

रस्कनं टोपी काढून कपाळ पुसलं. त्याचा चेहरा केसांइतका लाल झाला होता. तो ओरडला, "मार ना एकदाचा, म्हाताऱ्या!"

"दे ना चांगला," ऑरिन म्हणाला. एवढंच. भांडणाच्या सुरात नाही, दुकानात मागतात तसं.

आता बघा, मी मागे बसलो होतो. हातात बॅट होती. ऑरिन चालत गेला असता तर माझी पाळी येणारच नव्हती. फेनविक मला बघायला आला होता. विजेतेपदाचा फटका मारायचं स्वप्न मी बफेलोच्या गल्लीत असल्यापासून बघत होतो. आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

"सोड, ऑरिन! खाली पडणार तो! सोड!"

माझ्यामागून गर्टी किंचाळली, "हात लावू नकोस रे बाळा! हात लावू नकोस!" आणि मग सगळं गाव, ज्यांनी बॅट फिरवत नाही म्हणून त्याची इतकी टर उडवली ते सगळे, होड्यांवरचे, झाडांवरचे, एका सुरात ओरडायला लागले: "मारू नको! मारू नको!" बेसबॉलच्या मैदानात असं कोणी कधी ओरडलं असेल असं मला वाटत नाही.

रस्कनं हात मागे नेला आणि चेंडू सोडला. छातीवर आला. सरळ, पांढरा, भाकरीएवढा मोठा. माझे हात आपोआप वळले. अमेरिकेत असा एक माणूस नसेल ज्यानं तो मारला नसता. ऑरिनची बॅट खांद्यावरून बोटभर उठली.

आणि तिथेच थांबली.

चेंडू खाली पडला. प्लेटजवळ येऊन गुडघ्याखाली, घोट्याखाली, मातीत. हॅडलीच्या कॅचरनं पोटावर झोपून तो अडवला. धुळीचा लोट उठला. अंपायरचा हात वर गेला नाही.

"बॉल!" म्हणजे चौकटीबाहेर.

तिसऱ्या बेसवरचा आमचा कॅचर हात पसरून घरी आला आणि प्लेटवर दोन्ही पायांनी उडी मारून उभा राहिला. कुंपण मोडलं. लोक मैदानात घुसले. ब्रॅग ओरडत होता, "बेस! त्याला बेसला पाय लावू द्या!" कारण नियम नियम असतो, ऑरिननं पहिल्या बेसला पाय लावल्याशिवाय ती धाव धरली जाणार नव्हती. हॅडलीचा पहिल्या बेसवरचा माणूस तिथेच उभा होता आणि अंपायर मान उंचावून बघत होता. आणि ऑरिनभोवती अर्धं गाव. कोणी त्याची टोपी ओढतंय, कोणी मुका घेतंय, कोणी त्याला उचलायला बघतंय.

"उचलू नका!" मी गर्जलो. "चालू द्या त्याला! माणूस चालतोय, दिसत नाही?"

मी बॅट टाकली आणि त्याच्या पुढे झालो. खाटकाचं अंग कधीतरी कामाला यावं लागतं. मी खांद्यानं लोकांना बाजूला करत निघालो आणि माझ्या मागे, माझ्या सदऱ्याला धरून, ऑरिन टॅकेट चालत आला. धावला नाही. न्हावी आला, फोटो काढणारा आला, गर्टी आली, तिनं मुका घेताना त्याच्या कानाला आपल्या तोंडावरची पावडर लावली, तरी तो चालतच राहिला. शेवटी मी हॅडलीच्या माणसाला "सरक बाबा" म्हटलं आणि ऑरिननं पांढऱ्या बेसवर उजवा पाय ठेवला. मग डावा. मग तो वर बघून म्हणाला, "झालं?"

"झालं!" अंपायर म्हणाला.

तेव्हा आम्ही त्याला उचललं. असा माणूस, ज्यानं त्या चेंडूला हातही लावला नव्हता, त्याला खांद्यावर घेऊन अख्खं गाव मैदानाला फेऱ्या घालत होतं. लर्लीन उशी छातीशी धरून रडत होती आणि हसत होती.

संध्याकाळी ब्रॅगनं ऑरिनला खोलीत बोलावलं. फेनविक टेबलाच्या कडेवर बसला होता. ऑरिनला वाटलं, झालं, निरोप. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. पुढचं मला ब्रॅगनं सांगितलं.

"टॅकेट, वरच्या संघाच्या मॅनेजरचा फोन होता," फेनविक म्हणाला. "त्यांच्याकडे मारणारे खूप आहेत. मारायला बेसवर कोणी नसतं. सोमवारी तुझं विमान आहे." मग म्हणाला, "त्या शेवटच्या चेंडूला मी जाळीआड बसून रिकाम्या हातांनी बॅट फिरवली. खुर्चीतून पडलो असतो."

ऑरिन म्हणाला, "लर्लीनला सांगून येतो," आणि धावत गेला. एवढा धावताना मी त्याला तेव्हाच बघितलं.

मंगळवारी दुपारी गर्टीनं बार उघडा ठेवला आणि कोणाकडूनच काही घेतलं नाही. कोपऱ्यातल्या टेलिव्हिजनसमोर सगळा संघ, ब्रॅग, न्हावी, आणि सगळ्यात पुढच्या खुर्चीत लर्लीन, पाय स्टुलावर ठेवून. वरच्या लीगचं मैदान हिरवंगार, माणसांची नुसती भिंत. सातव्या डावात समालोचकानं त्याचं नाव घेतलं. "टॅकेट," तो म्हणाला, "वय बत्तीस, आज पहिलाच दिवस."

"बघा, आता चार चेंडू बघणार," कॅचर म्हणाला. "मी पैज लावतो."

"त्याला ओळखतोय आम्ही," न्हावी म्हणाला.

पिचरनं टाकला. पहिलाच चेंडू. ऑरिननं बॅट फिरवली. टक्क असा आवाज झाला, स्वच्छ, आणि चेंडू दुसऱ्या बेसच्या डावीकडून गवतावरून सरळ निघून गेला. ऑरिन पहिल्या बेसवर उभा होता, कमरेवर हात ठेवून, कान पुढे आलेले.

बारमध्ये क्षणभर कोणाला कळेना काय झालं. मग जो आरडाओरडा झाला त्यात फळीवरचे दोन ग्लास खाली आले. गर्टी मला गदागदा हलवत होती. "पहिल्याच चेंडूला! ऑगी, पहिल्याच चेंडूला कसा मारला त्यानं?"

उत्तर लर्लीननं दिलं. पडद्यावरून नजर न काढता, पोटावर हात ठेवून.

"चांगला होता म्हणून," ती म्हणाली.